पत्ते गेले, भिंग राहिलं

मित्रांनो, वाचनालयाच्या खिडकीपाशी घुंघुं करत बसलेला जुना संगणक तो मीच. माझ्या कितीतरी कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत, इतकी बोटं माझ्यावर फिरली.

त्यांतली सर्वांत लाडकी बोटं छोट्या चष्मिसची. तिला बारीक अक्षर दिसत नाही. माझ्यातलं भिंग अक्षर लिंबाएवढं करतं, आणि शब्द अडला तर माझा आवाज तो तिच्या कानात सांगतो. येत्या शनिवारच्या गोष्टवाचनात तिनं पहिल्यांदाच नाव दिलं होतं.

नेमकी त्याच आठवड्यात माझी कार्यप्रणाली, म्हणजे मला चालवणारी मूळ व्यवस्था, जुनी ठरली. पुस्तकं उघडेनात. नवी कार्यप्रणाली आली, पण घड्याळ, पत्त्यांचा खेळ, चित्रांचा फळा, भिंग, आवाज, सगळं एकाच गठ्ठ्यात! अशा गठ्ठ्याला पॅकेज म्हणतात. ते पोटात कसंबसं कोंबलं, पण पुस्तकाला तीळभर जागा उरली नाही. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, "शनिवारपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर भंगारात."

वाचनालयातल्या मावशींनी आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मामाला, बोलावलं. ही पॅकेजं बांधणं हेच त्याचं काम. मामानं आधी पत्त्यांचा खेळ काढला, तर त्याच्यामागोमाग सगळंच निघून गेलं. माझा पडदा काळाठिक्कर!

"अरे, पत्ते काढ म्हटलं होतं, घर मोडायला नाही सांगितलं!"

"काय करू ताई, बांधणाऱ्यानं गाठच तशी मारलीय."

"बांधणारा तूच ना?"

मामा ओशाळला. मग इरेला पेटून त्यानं त्या गठ्ठ्याचे दोनशे बारा तुकडे केले आणि त्यांतले लागतील तेवढेच घातले. जागाच जागा झाली! पण आवाज आला आणि त्याचा शब्दकोश मागे राहिला. भिंग आलं, तर ते उघडायचं बटण नाही. चष्मिस नाक पडद्याला टेकवून बसली. "मामा, मी नाव मागे घेऊ का?"

तिची आई बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. एक डोळा बाळावर, एक लेकीवर. तिच्यानं राहवेना.

"भाऊ, तुमच्यातलं मला फारसं कळत नाही. पण बाळाची पिशवी रोज भरते. बाटली घेतली आणि बूच घरी राहिलं, तर दूध पिशवीलाच पाजायचं का? आणि सगळं घर पिशवीत कोंबलं, तर खांदा निखळेल माझा."

"मग भरता कशी?"

"एकावाचून दुसरं अडतं, ते सोबत. नसलं तरी भागतं, ते वेगळं."

मामा डोकं खाजवत बसला. शुक्रवारी दुपारी दोनशे बाराची अकरा पॅकेजं झाली. भिंग, त्याचं बटण, आवाज, शब्दकोश एकात. पत्ते निराळे.

शनिवारी खोली भरली. चष्मिस माझ्यासमोर बसली आणि धडाधड वाचत सुटली! एका शब्दाशी ती अडखळली. मी कानात सांगणार, इतक्यात ती ओरडली, "थांब, येतंय मला!" आणि आलंच! टाळ्यांनी खिडकीची तावदानं थरथरली. सगळ्यांत आधी उठले अध्यक्ष. आईनं मात्र टाळी वाजवली नाही; एका हातात बाळ होतं आणि दुसऱ्यानं ती डोळे पुसत होती.

मामाची ती अकरा पॅकेजं पुढे कार्यप्रणालीवाल्यांनी जशीच्या तशी स्वीकारली. आज माझ्याएवढे म्हातारे कितीतरी संगणक त्यांच्यावर ताठ मानेनं चालतात.

तेव्हा मित्रांनो, एखाद्या जुन्याला भंगारात घालण्याआधी त्याच्या पोटात काय कोंबलंय ते जरा बघा. ओझं उतरवा, पण बाटली आणि बुचाची ताटातूट करू नका. अध्यक्ष अधूनमधून पत्ते मागतात. मावशी म्हणतात, "घालते की, वेगळंच पॅकेज आहे. पण आधी चष्मिसचं पुस्तक संपू दे."

आणि तिचं एक संपलं, की लगेच दुसरं सुरू होतं!