चुन्याचा चौकोन

शनिवारी संध्याकाळी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पायाखालचा फलाट हलत होता. बैतूल, हरदा, खंडवा, इंदूर, भोपाळ अशी आठवडाभर वरात काढल्यावर असंच होतं. गाडी थांबते, आपण थांबत नाही. मी ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत एरिया ऑफिसर आहे, आणि माझ्या एरियात घर सोडून सगळं येतं.

दार दीपालीनं, माझ्या बायकोनं उघडलं. ती सरकारी शाळेत शिकवते, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांकडे कसं पाहायचं हे तिला माहीत आहे.

"आले म्हणायचे. उद्याचं ध्यानात आहे ना?"

"ध्यानात नसायला काय झालं?" मी जरा ओरडूनच म्हणालो. खरं तर इटारसीपासून ते उद्याचंच छातीत धडधडत होतं.

उद्या म्हणजे सौंसरची ट्रायथलॉन. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून आमच्याकडे शिंकसुद्धा जिल्हास्तरीय येते, तेव्हा गजानन सर नावाच्या क्रीडाशिक्षकांनी हीही जिल्हास्तरीय करून टाकली होती. धरणात चारशे मीटर पोहायचं, लोधीखेड्याच्या रस्त्यानं सायकल चालवून परत यायचं आणि शेवटी संत्र्याच्या बागांमधून पाच किलोमीटर धावायचं. एकट्यानं सगळं करा, नाहीतर जोडीनं वाटून घ्या. आमची जोडी होती मी आणि मानसी, माझी मुलगी, दहावीतली. पोहणं माझं, सायकल तिची, धावणं पुन्हा माझं. पुढचा नंबर ज्याचा, त्यानं चुन्यानं आखलेल्या आपल्या चौकोनात उभं राहायचं. येणाऱ्यानं आपल्या पायाचा वेळ मोजायचा पट्टा सोडून त्याच्या पायाला बांधायचा. चौकोन रिकामा सापडला तर दंड. आणि पोहणारा ठरलेल्या वेळात बाहेर आला नाही तर जोडी बाद, सायकलला हातसुद्धा लावायचा नाही.

कल्पना माझीच होती. दिवाळीत सगळ्यांसमोर जाहीर केली होती. मी म्हणतो आणि मानसी करते, अशी आमच्या घरातली व्यवस्था आहे. तेव्हापासून पोरगी रोज सकाळी सायकल काढत होती, मागून दीपाली स्कूटीवर. मी मात्र एकदाही पाण्यात उतरलो नव्हतो. हॉटेलातल्या शॉवरला सराव म्हणत असतील तर तो भरपूर झाला होता.

सकाळी धरणावर पोचलो तेव्हा पाण्यातून वाफा निघत होत्या. डिसेंबरची थंडी, तर्री-पोह्यांच्या गाडीभोवती गर्दी, आणि त्या गर्दीत आमचे शेजारी गुणवंताभाऊ. वीज मंडळात लाइनमन, वय पन्नाशीचं, पोट बऱ्यापैकी. डोक्यावर पोहायची रबरी टोपी.

"तुम्ही पण भाग घेऊन राहिले का, भाऊ?" मी विचारलं.

"मी कायले बा," ते म्हणाले आणि मानसीकडे पाहू लागले.

मानसी खाली बसून ब्रेक तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "काकाचं नाव मी राखीव म्हणून टाकलं आहे. पोहायले आन् धावायले, दोन्हीले."

"काहून?"

"तुम्ही मागच्या वेळेस सहलीले पक्का येतो म्हटलं, आन् मग हरद्यावरून फोन केला. यावेळेस तसं झालं असतं तं मी कोणाले विचारत फिरली असती, पप्पा? सायकल तशीच उभी राहिली असती माझी."

आवाज चढलेला नव्हता. वीज गेली तर मेणबत्ती असू द्यावी, इतक्या साधेपणानं ती बोलली. तेच मला लागलं. राग आला, म्हणजे खरी लाज आली, पण माझी लाज नेहमी रागाचे कपडे घालूनच बाहेर पडते. घरासाठीच फिरतो ना मी? हौस आहे का मला हरद्याच्या लॉजमधल्या ढेकणांची? हे सगळं ओठावर आलं होतं. दीपालीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं.

गुणवंताभाऊ भला माणूस. हळूच म्हणाले, "भाऊ, थकले असान तुम्ही. म्हणत असान तं मी उतरतो. मी रोजच पोहून राहिलो इथं."

"मीच उतरतो," मी म्हणालो. आता बुडालो असतो तरी मीच उतरलो असतो.

पोहणं मला बाबांनी शिकवलं. विहिरी खोदायचं काम करायचे ते. आमच्या गावची विहीरही त्यांच्याच टोळीनं खोदलेली, आणि तिच्यातच त्यांनी माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला ढकलून दिलं. पुढे डबा सुटला आणि मी उन्हाळेच्या उन्हाळे तिथे काढले. त्यामुळे मी पट्टीचा पोहणारा आहे असा माझा समज होता. पण विहिरीत माणूस सरळ कुठे जातो? तो गोल फिरतो. दमला की हात लांब करतो आणि हाताला दगड लागतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती धरणाच्या मध्यावर, हात लांब केला आणि हाताला काहीच लागलं नाही तेव्हा.

शिट्टी झाली तेव्हा मी सगळ्यांबरोबरच उतरलो होतो. पाणी एवढं गार की श्वास आत जाईना. तरी वाट दाखवायला तरंगत ठेवलेला पहिला निळा ड्रम मी बऱ्यापैकी गाठला. तिथून पुढे डोकं पाण्याखाली आणि डोक्यात इंदूरची मीटिंग. हरद्याच्या डीलरला फिल्टर पाठवायचे राहिले. सोमवारचा रिपोर्ट राहिला. शरीर पाण्यात होतं आणि मी अजून कुठल्यातरी बसच्या खिडकीशी बसून होतो. बऱ्याच वेळानं मान वर काढली तर पुढे ड्रम नव्हता. पुढे पाणी उपसायचं पंपघर होतं, आणि बाकीच्यांच्या टोप्या लांब उजवीकडे किनाऱ्याला लागत होत्या. मी विहिरीतल्यासारखा डावीकडे वळत वळत भलतीकडेच निघालो होतो.

मदतीला ठेवलेली नाव जवळ आली. नावेतला माणूस म्हणाला, "साहेब, धरता का दोरी?"

दोरी धरली की बाद. मी नाही म्हणून मान हलवली, पण हात भरून आले होते आणि धरायला भिंत नव्हती. खरं सांगतो, भीती वाटली. बुडायची थोडी. जास्त भीती ही की पोरगी चौकोनात सायकल धरून उभी राहील आणि तिला कोणीतरी येऊन सांगेल, तुझे पप्पा नाही आले.

तेवढ्यात आवाज आला. "पप्पा! उजवीकडं!"

धरणाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, मानसी पळत होती. डोक्यावर लाल हेल्मेट, हातवारे करत. मी उजवीकडे वळलो. दहा-बारा हात मारले की पुन्हा डावीकडे सरकायचो आणि पुन्हा तिची हाक यायची. "उजवीकडं, पप्पा! अजून!" रिपोर्ट, फिल्टर, इंदूर सगळं कुठे गेलं कोण जाणे. मी फक्त त्या हाकेच्या रोखानं हात मारत राहिलो. पाय चिखलाला लागले तेव्हा गजानन सरांनी वेळ संपल्याची शिट्टी तोंडात धरलेली होती. वाजवायची बाकी होती.

धडपडत चौकोनापर्यंत गेलो. सायकल होती, मानसी नव्हती. ती पाळीवरून धापा टाकत येत होती.

"चौकोन रिकामा," गजानन सर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "नियम आहे, साहेब. पाच मिनिटं थांबावं लागते."

"तू चौकोन सोडला काहून?" मी तिला विचारलं. दात वाजत होते.

"तुम्ही तिकडं पंपघराकडं चालले होते," ती म्हणाली. "कोणी बोलवायले नको?"

मी खाली बसून तिच्या पायाला पट्टा बांधला. दंड भरून ती निघाली तेव्हा पुढचे सायकलवाले केव्हाच दिसेनासे झाले होते.

आता माझी पाळी उभं राहायची. ती परत येईपर्यंत कुठेही गेलं तरी चालत होतं. बाकीचे जोडीदार पोह्यांच्या गाडीवर जाऊन तर्री ओरपत होते. मी चौकोनातून हललो नाही. मला माझा भरवसा नव्हता. दीपालीनं स्वेटर आणून अंगावर टाकला, चहा हातात दिला. तिच्या पर्समध्ये माझा फोन थरथरत होता.

"दत्तात्रय साहेब आहेत. तिसऱ्यांदा."

दत्तात्रय साहेब म्हणजे आमचे इंदूरचे मोठे साहेब. रविवारी फोन करतात तो सोमवारी कुठेतरी पाठवायलाच. हात आपोआप पुढे गेला. तो मी मागे घेतला.

"सांग, पाण्यात आहे."

दीपालीनं फोन उचलला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाली, "हो सर. पाण्यातच आहेत अजून. निघाले की सांगते." मग फोन बंद करून पर्समध्ये टाकला. तिला हसू आलं होतं, पण तिनं ते मला दाखवलं नाही.

पहिला सायकलवाला आला, मग तिघे एकदम, मग एक मुलगी. लाल हेल्मेट नव्हतं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिलो. लोधीखेड्याच्या रस्त्यावर संत्र्याचे ट्रक असतात. कापसाच्या ट्रॉल्या अर्धा रस्ता अडवतात. साखळी उतरली असेल का? पडली असेल का? फोनही नाही तिच्याजवळ. दोनदा वाटलं, स्कूटी काढून जाऊन पाहावं. आठवडाभर मी हिंडत असतो आणि घरचे बसलेले असतात, आरामात, असं मला कायम वाटायचं. बसून वाट पाहण्यात जीव इतका वरखाली होतो हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं.

दोरीच्या पलीकडे गुणवंताभाऊ धावायचे बूट घालून जागच्या जागी उड्या मारत होते. पोट हलत होतं. "चिंता नोका करू भाऊ," ते म्हणाले, "पाय दुखत असान तं मी तयार आहो." नाव राखीव होतं, त्यामुळे माणूस ड्यूटीवर होता.

"मी आहे इथंच," मी म्हणालो. हे मी त्यांना सांगत होतो की स्वतःला, कोण जाणे.

चौकोन एकेक करून रिकामे झाले. माझा आणि आणखी एक, एवढेच उरले. मग बागेच्या वळणावर लाल टिपका दिसला. मानसी पेडलवर उभी राहिली होती आणि मान उंच करून इकडे पाहत होती. मला कळलं ती काय पाहत होती. मी दोन्ही हात वर केले.

ती आली. गुडघा खरचटलेला, साखळीचं काळं दोन्ही हातांना लागलेलं. सायकल कशीतरी टेकवली आणि खाली बसून पायाचा पट्टा सोडला. तो माझ्या पायाला बांधला. बांधून झाल्यावर एकदा ओढून पाहिला, घट्ट बसला की नाही.

मग उभी राहिली आणि दोरीकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही बूट काढा आता."