दोन दातांमधली शिट्टी

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. पूर्वी राग आला की दातओठ खायचो. आता दात गेले, नुसते ओठ उरले, आणि नुसत्या ओठांनी माणूस रागावलेला दिसत नाही, रुसलेला दिसतो. घरातले हसतात. मग मला आणखी राग येतो.

तर माझे दात. वरच्या पुढच्या दोन दातांत माझ्या फट होती. लग्न ठरवताना सासऱ्यांनी म्हणे त्यावरून नाक मुरडलं होतं. पण त्या फटीतून मला शिट्टी वाजवता यायची. ओठांचा चंबू वगैरे काही नाही, जीभ दातांमागे टेकवायची आणि हवा सोडायची. दोन सूर, आधी खालचा, मग वरचा. मी बसवर कंडक्टर होतो, दिवसभर तोंडात नोकरीची शिट्टी असायची. संध्याकाळी घरी येताना जिन्याच्या वळणावर पोचलो की माझी स्वतःची. ती ऐकली की आतून बायको चहाचं आधण ठेवायची आणि लेक अनवाणी धावत येऊन कडी काढायची. "बाबा, आज काय आणलंत?" रोज हेच. खिशात कधी गोळी असायची, कधी बसमध्ये कोणाचं तरी पडलेलं बटण. तिला काहीही चालायचं.

दाराला बेल होती, पण ती परक्यांसाठी. मी एकदा चुकून बेल वाजवली तर बायकोने दार उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" अशी होती ती.

ती गेल्यावर लेक आणि नात माझ्याकडे राहायला आल्या. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. कशावरही मत विचारलं तर फोनवरून म्हणतात, "तुम्ही ठरवाल तसं." असा जावई मिळायला भाग्य लागतं. पुढे माझे दात एकेक करून निघाले. फटीचे दोघे सगळ्यांत शेवटी गेले, अगदी जोडीने.

कवळी करायची ठरली तेव्हा लेक सुट्टी काढून सोबत आली. "करायचीच तर चांगली करू या, बाबा," म्हणाली आणि नमुन्यांतले सगळ्यांत पांढरे, सगळ्यांत सरळ दात तिने माझ्यासाठी निवडले. घरी येऊन आरशात पाहिलं तर कोणीतरी अनोळखी गृहस्थ माझा शर्ट घालून उभे. शिट्टी वाजवून बघितली. नुसता फुस्स आवाज. पण पोरीने इतक्या हौसेने निवडलेले, तिला काय सांगणार? जेवणापुरती कवळी घालायचो, बाकी वेळ ती वाटीतल्या पाण्यात. आणि मी बेल वाजवून स्वतःच्या घरात शिरायला लागलो.

हे सगळं सांगायचं कारण माझी नात. तिला मी मुंगी म्हणतो. अंगाने एवढीशी आणि हात कधी रिकामा नाही. कवळी हिरडीला लागते म्हणून मला दवाखान्यात खेपा घालाव्या लागायच्या, आणि तिची शाळेची शेवटची परीक्षा झालेली, म्हणून ती सोबत यायची. डॉक्टर पुढच्या खोलीत. कवळ्या बनतात मागच्या खोलीत, तिथे एक बाई असतात, केस पिकलेले, चष्मा कायम कपाळावर. लांबलचक टेबल, प्लास्टरची धूळ, छोटा बर्नर, गुलाबी मेणाचे पत्रे आणि खणाखणांच्या पेटीत रंगाप्रमाणे लावलेले दात. तोंडाचा साचा घ्यायचा, त्यावरून प्लास्टरचा जबडा करायचा, त्यावर मेणाची हिरडी, मग मेणात एकेक दात बसवायचा. ते तोंडात घालून बघायचं, सगळं मनासारखं झालं की मेण काढून त्या जागी पक्कं साहित्य भरायचं. मला हे मुंगीनेच सांगितलं, घरी येताना, रस्ताभर. मी म्हटलं, बाई गं, मला भूक लागली आहे, जबड्यांबद्दल नको बोलूस.

पुढच्या आठवड्यापासून माझं काम नसतानाही ती तिकडे जायला लागली. आणि एक दिवस जेवताना, ताटाकडे बघत, तिने सांगून टाकलं. कॉलेजला जायचं नाही. बाई तिला हाताखाली घ्यायला तयार आहेत. दोन वर्षं दिवसा काम, संध्याकाळी वर्ग, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पगार थोडा, पण पहिल्यापासून.

माझी लेक कॉलेजच्या कचेरीत आहे, प्रवेशाच्या खिडकीमागे बसते. वर्षानुवर्षं ती त्या खिडकीतून पोरांचे चेहरे बघते. निवड झालेली पोरं नाचत जातात, न झालेली भिंतीला टेकून रडतात. आपली पोर त्या खिडकीच्या बाहेरच्या बाहेर निघून जाईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. त्यात मुंगीचं नाव निवडलेल्यांत लागलेलं. शुक्रवारपर्यंत प्रवेश पक्का केला नाही की जागा पुढच्याला जाणार.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "आत्ता तुला मजा वाटते आहे. दोन वर्षांनी पाठ दुखेल, बाई म्हाताऱ्या होतील, मग काय करशील? तुझ्या मैत्रिणी तेव्हा कुठल्या कुठे गेलेल्या असतील."

"जाऊ देत की," मुंगी म्हणाली.

"आणि बाबा, तुम्ही गप्प का?"

मी गप्प होतो कारण मला दोघींचंही पटत होतं. लेकीच्या पोटातली काळजी मला दिसत होती, मी काय आंधळा नाही. आणि पोरीचे डोळेही दिसत होते. मी म्हटलं, माझ्या तोंडात दात नाहीत, मला बोलता येत नाही. कोणी हसलं नाही.

नंतर मुंगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजोबा, आई अगदी नकोच म्हणाली तर मी जाईन कॉलेजला. तिला दुखवून मला काही करायचं नाही." आणि हसली. ते हसणं बघून मला गलबलून आलं. हट्ट करणाऱ्या पोराची काळजी नसते हो. शहाण्यासारखं वागणाऱ्या पोराची वाटते. मनातलं मनात ठेवून ती बाकावर बसून राहील, आणि कोणाला कळणारही नाही.

मंगळवारी ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला. आईला सांगू नका."

मागच्या खोलीत बाईंनी मला खुर्चीवर बसवलं. टेबलावर माझाच प्लास्टरचा जबडा होता, त्यावर गुलाबी मेण आणि मेणात दात. पांढरे नाहीत, चहा पिणाऱ्या माणसाचे असतात तसे. पुढच्या दोघांत फट.

"हिचं काम आहे सगळं," बाई म्हणाल्या. "मी हात लावलेला नाही. एक सांगते, काका, फट म्हणजे आमच्या धंद्यात चूक. 'स' म्हणताना शिट्टी वाजते. पहिल्याच दिवशी शिकवते मी, पुढच्या दातांत फट राहता कामा नये. आणि ही पहिल्याच आठवड्यात विचारते, फट ठेवायची कशी?"

मुंगीचे कान लाल झाले. "मला माप माहीत नाही, आजोबा. फोटो सगळे शोधले, तुम्ही एकातही हसलेले नाही."

"फोटोत कशाला हसायचं? फोटोत माणसाने नीट बसावं."

"लहानपणी तुम्ही पेपर वाचताना मी तुमच्या फटीत तिकिटाचा कोपरा सरकवायचे. तेवढं आठवतंय मला. बसच्या तिकिटाचा, घडी घातलेला."

मी विसरलो होतो. ती मांडीवर बसायची आणि हा उद्योग करायची, आणि मी पेपरातून डोळे न काढता तिला तो करू द्यायचो. आताही मी तोंड उघडलं.

"हळू," ती म्हणाली. "मेण आहे, चावू नका. शिट्टी वाजवा."

नुसता वारा. तिने कवळी काढली, चाकूचं टोक बर्नरवर धरलं, दातामागचं मेण मऊ केलं, दात केसभर हलवला. पुन्हा तोंडात. आता मी "सोसायटीत सगळे सुखी" म्हटलं तर शब्दाशब्दाला शिट्टी, प्रेशर कुकरसारखी. बाईंना हसू आवरेना. पुन्हा काढली. पुन्हा चाकू, पुन्हा मेण. मी कंटाळलो, चिडलो, म्हटलं, अगं राहू दे आता, या वयात मला कुठे कोणाला हाक मारायची आहे? तिने ऐकलंच नाही. ऐकू गेलं नाही असं नाही, ऐकलं नाही. चाकू धरलेला तिचा हात मी बघत होतो. घाई नाही, वैताग नाही. असा हात मी नोकरीत एकाच ड्रायव्हरचा पाहिला होता.

कितव्या वेळी कोण जाणे, मी जीभ टेकवली, हवा सोडली आणि आधी खालचा सूर आला, मग वरचा.

मला रडू आलं, सरळ सांगतो. डोळ्यांत प्लास्टरची धूळ गेली वगैरे काही नव्हतं. बायकोची आठवण आली आणि रडलो. मुंगीने माझ्या तोंडातून कवळी काढून घेतली, कारण तिला मेणाची काळजी.

"उद्या पक्की करू," बाई म्हणाल्या आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेऊन ती फट पुन्हा एकदा निरखून पाहिली.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं घरी निघालो. नवी कवळी तोंडात होती. जिन्याच्या वळणावर मी थांबलो. मुंगी दोन पायऱ्या खाली उभी राहिली. वरून इस्त्रीचा वास येत होता, म्हणजे लेक उद्याच्या साडीवर इस्त्री फिरवत होती.

मी शिट्टी वाजवली.

काहीच झालं नाही. मला वाटलं, झालं, विसरली. पुन्हा वाजवली. तेव्हा आत काहीतरी धाडकन ठेवल्याचा आवाज आला, आणि मग पावलं. अनवाणी, धावत. कडी निघाली. दारात माझी लेक, पन्नाशीला टेकलेली, केस विस्कटलेले.

"बाबा, आज काय..."

तेवढंच बोलली. मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोलतो आहोत, आणि ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली. रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. मी तिच्याशेजारी बसलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो.

"मला वाटलं, आई आता आतून चहा ठेवेल," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं."

थोड्या वेळाने तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघत राहिली. "मी निवडलेले तुम्हाला आवडले नव्हते ना?"

"छान होते गं. पण माझे नव्हते."

तिने जिन्यात खाली पाहिलं. मुंगी कठड्याला धरून उभी, नखांत गुलाबी मेण. लेकीने तिला वर बोलावलं, तिचा हात मांडीवर घेतला आणि आपल्या नखाने तिच्या नखांतलं मेण काढत बसली. इस्त्री आठवली तोवर साडीला डाग पडला होता.

शुक्रवारी लेक कामावर गेली. मुंगीने दिवसभर घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा. मी चारदा खिडकीशी गेलो. शेवटी लेक आली, पर्स खुंटीला अडकवली, पाणी प्यायली.

"खिडकी बंद केली," ती म्हणाली. "तुझी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला दिली. बाहेर वडिलांना घेऊन सकाळपासून थांबला होता. नाव पुकारलं तर आधी त्याचा विश्वासच बसेना."

मुंगी ओला हात तसाच धरून उभी राहिली.

"सोमवारी डबा घेऊन जा. आणि ती परीक्षा द्यायची, टाळाटाळ चालणार नाही. मधेच वाटलं की चुकलं, तर मला येऊन सांगायचं, मनात ठेवायचं नाही. खिडकी दर वर्षी उघडते, मी तिथेच असते." एवढं म्हणेपर्यंत तिचा आवाज ठीक होता. "मला भीती वाटते गं," शेवटी म्हणाली, आणि मुंगीने ओल्या हातांनीच तिला मिठी मारली.

सोमवारी संध्याकाळी लेक आणि मी बसलो होतो. मी पेपर वाचत होतो, ती घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होती. जिन्यात पावलं वाजली, दमलेली, दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाची. वळणावर थांबली. मुंगीला शिट्टी येत नाही, तिचे दात सरळ आहेत. तिने खालूनच हाक दिली, "शिट्टी!"

माझी लेक उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. कडी मी काढली.