तिसरं रीळ

विष्णुपंत बदलापूरहून कल्याण कॅम्पला निघाले ते मोठ्या ऐटीत. मूकपटांपासून लोकांना हसवत आलेला हा नट. पण दोन वर्षं स्टुडिओतलं काळं कुत्रं त्यांना विचारत नव्हतं, आणि इथे सिंधहून आलेल्या निर्वासितांनी आपणहून पाहुणे म्हणून बोलावलेलं! लष्कराच्या जुन्या बराकीत भरदुपारी खिडक्यांना गोणपाटं ठोकून अंधार केला होता. गळ्यात हार पडला, तसे पंत फुलले.

मशीनवाल्या हेमचंद्रने डबा उघडला आणि पंत चपापले. यायचा होता आचाऱ्याचा पिक्चर. कंपनीने धाडला होता पळपुट्याचा.

"हेमचंद्र, यातलं तिसरं रीळ गाळ बाबा."

"का हो? तेच तर तुमचं फेमस! गाळलं तर पब्लिक मशीन फोडेल माझं."

फेमस होतंच. त्यात गावावर हल्ला होणार अशी हूल उठते. पंतांचा बावळट कारकून घाबरून छत्री घेतो, पोपटाचा रिकामा पिंजरा घेतो, आणि पाळण्यातल्या बाळाऐवजी गादीवरचा लोड छातीशी धरून आगबोटीत चढतो. तिथे लोडाला जोजवतो. या जागी लोक हसून हसून खुर्च्यांवरून खाली यायचे.

आणि इथे मागे बसलेली चारपाचशे माणसं अशीच घरं टाकून, अशाच बोटीतून आली होती. ही माणसं आपली हाडं मोडतील, असं पंतांना वाटलं. मोडली तर बरंच होईल, असंही वाटून गेलं. उठून पळावं, तर हार घातलेला पाहुणा पळतो कुठे?

पहिल्या दोन रिळांना बराक खदाखदा हसली. जन्मभर ज्या हशासाठी पंतांनी कंबर मोडून घेतली, तोच आता त्यांच्या छातीत धडकी भरवत होता. मग तिसरं लागलं. छत्रीला पोरं हसली. पिंजऱ्याला कुणीच हसलं नाही. लोड उचलला तेव्हा मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती.

खेळ संपून गोणपाटं निघाली. कुणी अंगावर आलं नाही. एक सिंधी म्हातारी तेवढी काठी टेकत पुढे आली. पंत हात जोडून उभे राहिले.

"बच्चा बाद में मिला ना, बेटा?" तिने विचारलं.

पिक्चरमध्ये पुढे बाळाचं नावही नव्हतं. हशा झाला की त्याचं काम संपत होतं. ते कुठे राहिलं, हे पंधरा वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं, पंतांनीसुद्धा नाही.

"मिला, अम्मा," पंत चाचरत म्हणाले. "पड़ोसन के पास था. उसने संभाला."

म्हातारीने वळून सिंधीत हाक मारली. भिंतीशी बसलेली तिची सून उठली. सबंध खेळात ती पदर तोंडात धरून बसली होती. ती पंतांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"कौन सी पड़ोसन?" तिने विचारलं. "बाईं तरफ की, या दाईं तरफ की?"

पंत सांगतील ते ती खरं मानणार होती आणि मागे राहिलेल्या आपल्या बाळासाठी आल्या पावली कराचीला निघणार होती. तिच्या डोळ्यांत ते लख्ख दिसत होतं. विष्णुपंत मटकन खुर्चीत बसले.

"झूठ बोला, बेटी," ते म्हणाले. "मुझे मालूम नहीं."