दुसरं पान

मी इंजिनीयरिंगच्या पोरांना लिहायला शिकवतो. कविता-बिविता नाही, अर्ज, अहवाल, यंत्र कसं चालवायचं याच्या सूचना. आमच्या कॉलेजात या विषयाला कुणी हिंग लावून विचारत नाही. मलाही विचारत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही असं मी सांगत असतो.

यंदा एक जुना धडा पुन्हा काढला. घरातलं एक यंत्र घ्यायचं आणि ते चालवायच्या सूचना आधी मराठीत लिहायच्या, कारण घरी ते चालवणारं माणूस मराठीच वाचतं. मग दुसऱ्यानं तो कागद वाचून काम करून दाखवायचं. लिहिणाऱ्यानं शेजारी उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही. जे सांगायचं ते कागदानं सांगावं. हा नियम माझा, आणि तो मोडणाऱ्याचे मार्क मी कापतो.

शनिवारी गठ्ठा घरी आणला. पिंगळीला स्टेशनच्या मागं माझं घर आहे, त्यात मी एकटाच. पहिला कागद पाण्याच्या मोटरचा निघाला. दुसराही मोटरचा. तिसराही. गठ्ठा चाळला. चाळीस पोरांच्या चाळीस घरी मोटर मागच्या अंगणात, कडुलिंबाखाली! सीनियरची फाईल उतरवून काढायची, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. मी चिडून लाल पेन उघडलं.

सातव्या-आठव्या कागदाला हात थांबला. 'बटण स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या उजवीकडे आहे.' मी मान वर केली. उघड्या दारातून स्वयंपाकघरातला देव्हारा दिसत होता. उजवीकडे बटण होतं. मागच्या अंगणात कडुलिंब होता.

सात वर्षांपूर्वी माझी मुलगी शिवकन्या याच वर्गात होती. बापानं पोरीला मार्क वाटले असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला दहापैकी चार दिले होते. आता ती बेंगळुरूला नोकरीला आहे. मार्चमध्ये आईच्या वर्षश्राद्धाला सुट्टी मिळत नाही म्हणून तिचा फोन आला, आणि मी म्हणालो, "मग माझ्या वेळीपण येऊ नकोस." त्याला पाच महिने झाले. तिनं फोन केला नाही, मीही नाही. फोन मात्र मी अंघोळीला जातानासुद्धा दाराशी ठेवतो.

सोमवारी वर्गात विचारलं, "मोटरची मूळ फाईल कुणाकडं आहे?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी दीपिका उभी राहिली. येलदरीकडची, मेंढपाळाच्या घरची पोर.

"माज्याकडं हाय सर. हॉस्टेलच्या कपाटात होती."

"तुझ्या घरी मोटर आहे का?"

"न्हाई सर. मेंढरं हायेत. त्येंच्या काय सूचना लिव्हायच्या?"

वर्ग हसला. एरवी मीही हसलो असतो. ती फाईल घेऊन पुढं आली आणि हळूच म्हणाली, "ह्येला दुसरं पान पण हाय सर. ते कुनी उतरलंच न्हाई. तुमचं लाल पेन पहिल्या पानावरच हाय ना, म्हनून पोरं म्हनली, सर तेवढंच वाचतेत."

मी फाईल घेतली. खरंच, दुसऱ्या पानावर माझी एक रेघही नव्हती. मी ते उलटलंच नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी येऊन अंगणात, मोटरपाशी बसून ते पान वाचलं. आमची मोटर सारखी हवा धरते. मग एकानं तिच्या पायपात पाणी ओतत राहायचं आणि दुसऱ्यानं आत जाऊन बटण दाबायचं. बायको गेल्यावर मी ओतून आत पळायचो, तोवर पाणी उतरलेलं असायचं. शेवटी मोटरचा नाद सोडला. वर्षभर मी हौदातून बादलीनं पाणी काढतोय.

शिवकन्येनं लिहिलं होतं: 'एकटा माणूस असेल तर भरलेली बादली मोटरजवळच्या ओट्यावर ठेवावी. नळी आधी पाण्यानं भरून घ्यावी, मग तिचं एक टोक बादलीत, दुसरं मोटरच्या पायपात सोडावं. पाणी आपोआप पडू लागलं की आत जाऊन बटण दाबावं. पळू नये, बाबांचा गुडघा दुखतो. मोटरनं पाणी धरलं की परत येऊन पायपाचा कॉक बंद करावा. तरीही पाणी आलं नाही तर मला फोन लावावा. बाबा एकटे असतील आणि त्यांना जमत नसेल, तर ते तसं सांगणार नाहीत. म्हणून लिहून ठेवलं आहे.'

मी बादली ओट्यावर ठेवली. नळी भरून सोडली. सावकाश आत गेलो, बटण दाबलं, सावकाश परत आलो. मोटर घरघरली आणि तिनं पाणी धरलं. कॉक बंद केला. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडायला लागलं. कागदात एक चूक नव्हती. दहापैकी दहा.

पाणी आल्यावर फोन लावायला कारणच उरलं नाही. मी कडुलिंबाखाली फोन हातात धरून अर्धा तास बसलो. टाकी भरून पाणी अंगणात सांडायला लागलं, तरी उठलो नाही. मग नंबर लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो. "मोटर हवा धरतेय. पाणी येत नाही."

तिनं कान देऊन ऐकलं असावं.

"बाबा, टाकी भरून वाहायलीय. मला ऐकू यायलंय."

"वाहू दे," मी म्हणालो. "तू बोल."