तिसरा उतार मवाळ आहे

गुरुजींनी आयुष्यात एकदाही रोलर कोस्टरमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ही गोष्ट जगात फक्त त्यांनाच पक्की ठाऊक होती. बायकोला संशय होता. पण बावीस वर्षांच्या संसारात तिला इतक्या गोष्टींचे संशय होते, की हा यादीत बराच खाली असावा.

गुरुजी हे त्यांचं नाव नव्हे, आणि शिकवण्याशीही त्यांचा संबंध नव्हता. रस्ते खात्याच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडे पाठ करून ते रस्त्यांचे नकाशे काढत. गुरुजी ही पदवी त्यांना चढउतार मंडळाने दिली होती. हे मंडळ म्हणजे रोलर कोस्टरच्या शौकिनांचा एक ऑनलाइन गट, आणि त्याचा संस्थापक त्यांचाच मेव्हणा, दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना खुर्चीत आडवं करून घाबरवायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः घाबरून घ्यायला जायचं, असा त्याचा समतोल आहार होता.

मंडळाच्या सहलींना गुरुजी नेमाने जात आणि नेमाने खाली थांबत. कधी कंबर धरलेली असे, कधी बॅगा सांभाळायच्या असत. एकदा काहीच सुचेना तेव्हा ते म्हणाले, "आराखडा बाहेरून पाहिल्याशिवाय कळत नाही." हे लोकांना इतकं खोल वाटलं, की दोघे-तिघे तिकिटं खिशात घालून त्यांच्या शेजारी उभे राहिले. घरी आल्यावर गुरुजी इतरांनी काढलेले व्हिडिओ आवाज बंद करून पाहत आणि मत लिहीत. मत असं, की वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. लिहिणाऱ्याच्या पोटात तो आधीपासूनच असे.

आठ महिन्यांपूर्वी शहराबाहेरच्या करमणूक बागेने आपल्या नव्या रोलर कोस्टरचा आराखडा जाहीर केला आणि 'शौकिनांनी मोकळेपणाने मतं कळवावीत' असं लिहून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. मंडळ तुटून पडलं. कोणी म्हणालं, पहिलं वळण दुसरीकडून उचललंय. कोणाला रुळांचा रंग उलटीसारखा वाटला. बँकेतल्या एका कारकुनाने डोकं खाली, पाय वर करणाऱ्या फेऱ्यावर चार पानं लिहिली, त्यात 'आत्मा' हा शब्द नऊ वेळा आला. गुरुजींनी मात्र मोजून तीन ओळी लिहिल्या:

'पहिला उतार बोलका आहे. दुसरा समजूतदार. तिसरा मवाळ, त्यावरून जाताना माणूस निवांत पेपर वाचू शकेल.'

ते वाक्य जे सुटलं, ते थेट बागेच्या मालकाच्या वर्मी जाऊन बसलं. मालकाने तिसरा उतार मोडून पहिल्यापेक्षा खडा बांधायला लावला. आज त्या रोलर कोस्टरच्या पहिल्या फेरीचा मान मंडळाला होता. फाटकावर दोन मजली फलक होता: 'आता वाचा पेपर!' अगदी पुढची जागा गुरुजींची, शेजारची त्यांच्या पत्नीची. निमंत्रण मेव्हण्याने परस्पर स्वीकारलं होतं.

"दाजी, कंबर कशी आहे?" मेव्हण्याने रांगेत विचारलं.

"दुखतेय रे जरा."

"मला वाटलंच. इंजेक्शन आणलंय."

"अहो, हात किती गार पडलेत तुमचे," बायको म्हणाली. तिने नवीन बूट घातले होते आणि ती सारखी टाचा उंचावून पुढे बघत होती. तिला भीती नावाची वस्तू माहेरून मिळालीच नव्हती.

रांग एका अरुंद बोळातून जात होती. डोक्यावरून मधूनच एक रिकामी गाडी जाई, तेव्हा पत्रे थरथरत आणि गुरुजींच्या दाढा आपोआप मिटत. वर बघायचं नाही म्हणून ते भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर दोन आराखडे चौकटीत लावले होते, जुना आणि नवा. जुन्याच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ होती. गुरुजींनी चष्मा वर केला आणि वाचली.

'आडवं व उभं प्रमाण एकच.'

त्यांनी पुन्हा वाचली. मग त्यांच्या मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा, कंबरेपर्यंत गेला.

रस्त्याचा छेद, म्हणजे बाजूने दिसणारा चढउतार, काढताना उंची दसपट वाढवून काढतात. नाहीतर मैलभर रस्त्यावरचा चढ कागदावर दिसतच नाही, सगळंच सपाट. सव्वीस वर्षं गुरुजींनी दुसरं काही काढलं नव्हतं. कागदावर कडा दिसला, की त्यांचा डोळा त्याला न विचारता दहाने भागे आणि तिथे एक साधा, सायकलवाल्याला थोडी धाप लागेल असा उतार पाही. बागेचा आराखडा पाहिला त्या दिवशीही डोळ्याने तेच केलं होतं. रोलर कोस्टरचे आराखडे मात्र जसेच्या तसे काढतात. कागदावर कडा म्हणजे कडाच. ज्याला ते मवाळ म्हणाले तो उतार जुन्या आराखड्यातच भिंतीसारखा उभा होता. आणि आता, त्यांच्या शब्दाला मान देऊन, तो आणखी खडा झाला होता.

गुरुजींना वाटलं, ओरडावं. लगेच दुसरा विचार आला: ही भीती नकाशेवाल्याची, की भित्र्याची? सव्वीस वर्षांचा अनुभव बोलतोय, की नुसते गुडघे? त्यांनी प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. उत्तर गुडघ्यांनी दिलं, पण त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. गप्प राहिलं तर सोळा माणसं वर जाणार, त्यात एक स्वतःची बायको. बोललं तर अकरा वर्षांचं गुरुजीपण इथे, या बोळात, सर्वांसमक्ष उतरणार.

रांग दोन पावलं सरकली. बायको पुढे गेली. तिच्या नव्या बुटांचा करकर आवाज आला, आणि का कोण जाणे, तो गुरुजींना सहन झाला नाही.

"थांबा!" ते म्हणाले. आवाज पोटातून आल्यामुळे अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "कुणी बसू नका. मी आराखडा चुकीचा वाचला. तो उतार मवाळ नव्हताच. माझ्या चुकीमुळे तो वाढवलाय."

फलाटावरच्या इंजिनीयरबाई जवळ आल्या. डोळे लाल, हातात तपासणीचा तक्ता. गुरुजींनी त्यांना दसपटीची गोष्ट सांगितली. मंडळ कान देऊन ऐकत होतं.

"पण दाजी," मेव्हणा म्हणाला, "अशा उतारावर बसलेल्या माणसाला कागद बघून कळणारच की. शंभरदा बसलाय तुम्ही."

"नाही बसलो."

"म्हणजे?"

"एकदाही नाही. कशातच नाही."

धोक्याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही. जो तो या दुसऱ्या बातमीवर तुटून पडला.

"आणि ते हवेत तरंगण्याबद्दल लिहिलं होतंत? 'पोट मागे राहतं आणि माणूस पुढे जातो'?" बँकेतल्या कारकुनाने पुढे होत विचारलं. "मी ते वाक्य भिंतीवर लावलंय हो!"

"ते मी जिन्यावरून पडलो होतो तेव्हाचं आहे."

"अकरा वर्षं बॅगा सांभाळल्या याने," मेव्हणा कोणाला तरी म्हणाला. "आणि मी आभार मानत होतो."

बायको त्यांच्याकडे बघत होती. यादीत खाली असलेली एखादी गोष्ट वर घ्यावी तसं तिचं तोंड झालं होतं.

"झालं का?" इंजिनीयरबाईंनी विचारलं. "हे बघा, तुम्ही चुकीचं वाचलंत म्हणून आम्ही चुकीचं बांधलं असं होत नाही. मालक म्हणाले वाढवा. मी म्हटलं एवढाच वाढेल, वर एक अंशही नाही. तीनशे फेऱ्या झाल्यात."

"माणसांच्या?"

"पाण्याच्या पुतळ्यांच्या. माणसं तुम्हीच पहिली." त्या जरा थांबल्या. "आणि मी. तुमच्या मागेच बसतेय. अजून एक फेरी दाखवते, मग ठरवा."

माणसाच्या वजनाचे, पाण्याने भरलेले सोळा पिवळे पुतळे जागच्या जागी बसवले. गाडी साखळीवर चढू लागली. टक, टक, टक. माथ्यावर ती क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि नाहीशी झाली. पहिला उतार. दुसरा. मग तिसऱ्याच्या टोकावर ती सोळा पिवळी डोकी एकदम पुढे झुकली, जणू खाली काहीतरी पडलंय ते बघायला, आणि एक आवाज आला. तो गुरुजींनी व्हिडिओत कधीच ऐकला नव्हता, कारण ते आवाज बंद ठेवत.

गाडी परत आली. सगळं शाबूत. फक्त पुढच्या डाव्या जागेवरचा पुतळा अर्धा रिकामा झाला होता आणि आसनावरून पाणी ठिबकत होतं.

"तो कालपासूनच गळतोय," इंजिनीयरबाई म्हणाल्या. हे त्या जरा जास्तच पटकन म्हणाल्या, असं गुरुजींना वाटलं. पण आज त्यांच्या वाटण्याला काही किंमत उरली नव्हती.

मंडळाचे लोक पटापट जागा पटकावू लागले. बायको पुढच्या उजव्या जागेवर जाऊन बसली आणि तिने डावीकडचं आसन आपल्या ओढणीने एकदा पुसलं.

"अहो, येताय? नसाल येत तर तसं सांगा, मी भावाला पुढे बोलावते. तिथे उभं राहून बॅगा नका मागू मात्र."

खाली राहिलं, तर ही गाडी त्या टोकावर नाहीशी होताना पुन्हा बघावं लागेल, आणि या वेळी त्यात ती असेल. गुरुजींनी हे मनाशी चटकन भागून पाहिलं. कशानेही भाग जाईना.

ते बसले. पाणी लगेच पँटमधून आत आलं, आणि निदान त्या बाबतीत तरी पुढे कोणाला काही सिद्ध करता येणार नव्हतं. दांडा मांडीवर येऊन बसला. मागून इंजिनीयरबाई पुटपुटत होत्या. आधी वाटलं त्या आकडे मोजताहेत. नीट ऐकल्यावर कळलं, की देवाचं नाव घेताहेत.

टक, टक, टक.

"आवळू नका इतका हात," बायको म्हणाली. "रक्त थांबलं माझं."

त्यांनी सोडला नाही. वर गेल्यावर वारा आला, आणि त्यांना पहिल्यांदाच बाहेरून नव्हे, आतून दिसलं: खाली झाडं, झाडांपलीकडे रस्ता, त्यांनीच काढलेला, पट्टीसारखा सपाट, आणि मधे, रुळांच्या दोन टेकड्या सोडून, ते जिथे संपल्यासारखे दिसत होते ती जागा.

"तोच का तो?" तिने विचारलं.

"हो."

"कसाय?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं काहीच मत नव्हतं. साखळीचा आवाज थांबला.