पाळण्यातला थांबा

गोजरबाईला दमा जडून वर्षं लोटली होती, तरी भवानी पेठेतल्या त्या गल्लीत बारसं असलं की पाळणा तिनंच म्हणायचा. तो तिनं स्वतःच रचलेला. पण इंग्रजांनी शहरावर लादलेला मार्शल लॉ उठल्यावर गल्लीतल्या हिंदुरावाच्या नातवाचं बारसं निघालं, तेव्हा तिची धाप फार वाढली होती. बायकांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि पाळणा म्हणायला पोरी पुढं केल्या.

गोजरबाईचा जीव कुठला थाऱ्यावर! कधी पदर सावर, कधी बांगड्या मागं सार. "सूर वर घ्या की गं!" असं मधूनच ओरडलीसुद्धा.

पोरींनी पहिली ओळ उचलली. अर्ध्यावर सगळ्या एकदम थांबल्या, 'हं' करून श्वास ओढला आणि उरलेली ओळ पुरी केली. दुसऱ्या ओळीलाही तेच. गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती ताडकन उठली.

"माझ्या दम्याला वेडावता व्हय गं, भवान्यांनो?"

पोरी भांबावल्या. पाळण्याची दोरी धरलेली शेवंता म्हणाली, "वेडावतोय कुटं, मावशी? चालच अशी हाय की. माझ्या बारशाला बी तुमी अशीच म्हटली व्हती, आई सांगती."

गोजरबाईला बोलायला श्वास पुरेना. 'पुन्हा म्हणा' असं तिनं हातानंच खुणावलं आणि स्वतःही सूर लावला. अर्ध्या ओळीवर तिचा दम तुटला. धडधाकट छातीच्या सगळ्या पोरी तिथंच थांबल्या. पाळणा तेवढा हलत राहिला.