बुजवलेलं भोक

कारखान्यात त्याला सगळे ठोकळेबुवा म्हणत. जाळीचा ठोकळा करून देणं हेच त्याचं काम. स्कॅनरने टिपलेली वस्तू कॉम्प्युटरवर अगदी खरी दिसते, पण असते नुसती त्रिकोणांची जाळी, आत सगळी हवा. मशीनला कापायला भरीव सॉलिड लागतं. आणि जाळीत एक जरी भोक उरलं तरी सॉफ्टवेअर हटून बसतं.

ताईच्या इमारतीतल्या लिफ्टच्या ब्रेकची दांडी झिजली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, म्हणून काम फिरत फिरत याच्याच टेबलावर आलं. इमारत बारा मजल्यांची, ताई अकराव्यावर, आणि आईच्या गुडघ्यांना दोन पायऱ्याही जड. महिनाभर मायलेकींची भेट नव्हती. "कधी होतंय रे तुझं?" आई चहा देताना विचारायची, जेवण वाढताना विचारायची. शेवटी शेवटी नुसती बघायची, आणि ते जास्त लागायचं.

खरी दांडी त्याने पाहिलीच नव्हती. आली ती फाइल. हजारो त्रिकोण, आणि टोकाला, आट्यांजवळ, एक फाटका ठिपका. स्कॅनमध्ये असे ठिपके राहतातच. आजवर त्याने शेकड्याने बुजवले होते. तरी एरवी फोन करून विचारलं असतं. त्या दिवशी मात्र आईचा चेहरा डोळ्यांसमोर होता. त्याने 'भोकं बुजवा' दाबलं आणि सॉलिड एका झटक्यात तयार झालं. गडी स्वतःवरच खूश.

दांडी कापून झाली, बसली, लिफ्ट सुरू झाली. चार दिवसांनी सकाळी त्यानेच आईला गाडीत बसवून दिलं. "जा बिनधास्त. तुझ्या लेकाच्या हातची दांडी आहे."

तो कामावर पोचतो न पोचतो तोच लिफ्टचा मिस्त्री दारात उभा.

"घ्या ही जुनी दांडी. आणि ही एक पिन उरली बघा. नव्या दांडीत हिला जागाच नाही."

ठोकळेबुवाने जुनी दांडी हातात घेतली. आट्यांजवळ काळं ग्रीस थापलेलं होतं. त्यावर पिन टेकवून त्याने जरा दाबली. पिन आरपार गेली.

काळ्या ग्रीसवरून स्कॅनरचा उजेड परतला नव्हता, तो ठिपका हा. दांडीवरचा नट सुटू नये म्हणून पिन घालायला मुद्दाम पाडलेलं भोक.

"अहो, विचारायचं तरी!"

"तुमच्या ड्रॉइंगमध्ये नाही, म्हटलं काढून टाकलं असेल. तुम्ही शिकलेली माणसं." मिस्त्री हसला, आणि मग हसायचा थांबला. "नट सुटला तर ब्रेक धरणार नाही. आणि आत एकटंच माणूस असलं ना, तर लिफ्ट खाली नाही, वर जाते. दोराच्या पलीकडचं वजन ओढतं तिला."

त्याने ताईला फोन लावला.

"ताई, आईला लिफ्टमध्ये चढू देऊ नकोस!"

"अरे, चढली पण! दारातच उभी आहे मी तिची वाट बघत. नऊ... दहा... ही बघ, आलीच. अकरा." फोनमध्ये दारावरच्या थापा ऐकू आल्या. "अरे, थांबली नाही. आई! आई गं! बारा झाला रे. वर कुणाकडे चाललीय ही?"

बाराच्या वर कुणीच राहत नव्हतं.